ताटात तूर, पायात जोर

जमिनीवर मांडी घालून जेवायला बसलेला माणूस उठताना पहिल्यांदा हात कधी टेकतो, हे घरात कुणाच्याच लक्षात राहत नाही. आधी एक हात गुडघ्यावर येतो, मग जमिनीवर. वर्ष-दोन वर्षांत भिंतीचा आधार लागतो आणि पुढे ताट खाटेवर किंवा खुर्चीवर जाते. ‘आता वय झाले’ एवढे म्हणून घर तो विषय संपवते. पण हात टेकावा लागतो त्यात वयाचा वाटा जेवढा समजला जातो तेवढा नसतो. मांड्यांचे स्नायू कमी झालेले असतात, आणि गेलेल्या ताकदीचा बराचसा भाग परत कमावता येतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यासारख्या भागात हा प्रश्न थेट पोटाशी येऊन भिडतो. वणी, राळेगाव, पांढरकवडा आणि झरी जामणी यांच्या शेजारचा हा तालुका शेतीवर जगतो. कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीत हरभरा ही इथली पिके. शहरात पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरू लागले तर लिफ्ट असते, खुर्चीतली नोकरी असते, पुढे निवृत्तिवेतन असते. शेतकऱ्याचे आणि शेतमजुराचे तसे नाही. निंदणाला, वेचणीला जाता आले नाही की त्या दिवसाची मजुरी बुडते. शरीर हेच भांडवल असलेल्या माणसाने ते भांडवल कसे राखावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रकृतीचा राहत नाही.

स्नायूंची गळती

माणसाचे स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागतात. दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के, असा अंदाज वैद्यकीय अभ्यासांत दिला जातो. साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या वजनापेक्षाही लवकर उतरते. म्हणजे पाय बारीक दिसू लागण्याच्या आधीच पायातला जोर कमी झालेला असतो.

या झिजेला बरीच वर्षे स्वतंत्र नावही नव्हते. अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये तिला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या ‘मांस’ आणि ‘उणीव’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून ते तयार झाले. नाव मिळाल्यावर मोजमाप सुरू झाले आणि मग हा ‘म्हातारपणाचा भाग’ नसून लक्ष देण्याजोगा विकार आहे, हे डॉक्टरांनाही पटत गेले.

स्नायूंचे काम केवळ ओझे उचलण्याचे नसते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. ते कमी झाले की मधुमेह आटोक्यात ठेवणे अवघड होते. तोल गेला तर सावरण्याचे कामही पायांचे स्नायूच करतात. ते दुबळे झाले की माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस खाटेला खिळतो. मोठ्या आजारात, शस्त्रक्रियेत किंवा लांबलेल्या तापात शरीर प्रथिनांसाठी स्नायूच मोडून वापरते. ज्याची ही शिल्लक जास्त, तो आजारातून लवकर उठतो.

कष्ट आहेत, मग व्यायाम कशाला?

गावाकडे हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. निंदण करणारी बाई दिवसभर वाकून असते, कापूस वेचताना ओटीत भार घेऊन ओळीमागून ओळ चालते. फवारणी करणाऱ्याच्या पाठीवर भरलेला पंप असतो. या कामाने दम टिकतो, वजन फारसे वाढत नाही, हृदयालाही फायदा होतो.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे शेतकामात तेच ते स्नायू त्याच त्या पद्धतीने वापरले जातात. वाकून राहिल्याने कंबर शिणते, पण मांड्यांना पूर्ण ताकद लावावी लागत नाही. स्नायू वाढतात ते नेहमीपेक्षा थोडा जास्त भार पडल्यावर. रोजच्या सवयीच्या कामाने ते जेमतेम टिकतात. दुसरी अडचण म्हणजे आता कामाचे स्वरूपही बदलले आहे. नांगरणीला ट्रॅक्टर आला, शेतात जायला दुचाकी आली आणि दळण-कांडण गिरणीवर गेले. कोरडवाहू शेतकऱ्याचे काम हंगामी असते. कापूस, तूर, हरभरा घरात आला की उन्हाळ्यातले कित्येक आठवडे बसून जातात.

बसून राहण्याची किंमत पन्नाशी-साठीनंतर किती मोठी असते, हे एका प्रयोगाने दाखवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले होते. त्यांना काहीही आजार नव्हता, खाणेही नियमाप्रमाणे चालू होते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस उतरले. ताप आला, पाय मुरगळला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली म्हणून आठवडे-पंधरवडे पडून राहणारा म्हातारा माणूस नंतर ‘पहिल्यासारखा राहिला नाही’, असे म्हटले जाते. त्यात आजारापेक्षा पडून राहण्याचा वाटा मोठा असू शकतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर आजारातही दिवसातून चार वेळा उठून घरात फिरणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे.

शेतात प्रथिने, ताटात पोळी-भात

स्नायू प्रथिनांचे बनतात. मारेगावच्या शिवारात पिकणाऱ्या कापसाखेरीजच्या पिकांकडे पाहिले, तर ती बहुतेक प्रथिनांचीच पिके आहेत. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, हरभऱ्याच्या डाळीत जवळपास तेवढीच, तर सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या पुढे. पण सोयाबीन सगळेच बाजार समितीत जाते आणि कपाशीतल्या तासांची तूरही बहुतेक विकली जाते. घरात जे उरते, त्याचे वरण पातळ होत जाते.

विदर्भात एकेकाळी खरिपाची ज्वारी घरोघर असे. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन वाढले तसे ज्वारीचे क्षेत्र आकसले आणि भाकरीची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. गहू आणि ज्वारी यांत प्रथिनांचा फरक फार नाही. दोन्हींत १०० ग्रॅममागे साधारण १० ते ११ ग्रॅम. तांदळात मात्र ती आठच्या आसपास असतात आणि पांढऱ्या भातात चोथाही कमी असतो. भाकरीसोबत झुणका, जवसाची चटणी, आंबाडीची भाजी असे. ती जोडी सुटली, हे नुकसान अधिक मोठे आहे.

धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत जे कमी, ते धान्यात मिळते. म्हणून वरण-भात किंवा झुणका-भाकर ही नुसती आवडीची जोडी नाही. दोघे मिळून शरीराला पूर्ण प्रथिने पुरवतात, अट एवढीच की डाळ पुरेशी हवी.

पुरेशी म्हणजे किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ५५ किलोच्या माणसाला त्यानुसार सुमारे ४६ ग्रॅम लागतात. वय वाढते तसे स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात. तरुणपणी जेवढ्या डाळीत भागत होते, तेवढ्यात साठीनंतर भागत नाही. म्हणून पासष्टीनंतरच्या माणसांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी किलोमागे १ ते १.२ ग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे त्याच ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम.

घरोघर चालते ते नेमके याच्या उलट. ‘म्हाताऱ्या माणसाला हलके खायला द्यावे’ म्हणून त्यांच्या ताटातली डाळ, उसळ, अंडे आधी कमी होते आणि चहा-टोस्ट, दूध-पोळी, खिचडीचा पातळ भात वाढतो. पोट भरते, पण स्नायू उपाशी राहतात.

घट्ट वरणाचा हिशेब

एका साध्या दिवसाचा हिशेब मांडून पाहता येतो. सकाळ-दुपारचा चहा आणि टोस्ट मिळून साधारण ५ ग्रॅम प्रथिने. दुपारी तीन पोळ्या आणि भाजी, ११ ग्रॅम. रात्री दोन पोळ्या, थोडा भात आणि पातळ वरण, १३ ग्रॅम. एकूण २९. गरज ५५ ची आणि हाती निम्मेच.

ही तूट भरून काढायला महागडी पावडर लागत नाही. दोन्ही वेळच्या वरणात माणशी ३० ग्रॅम डाळ, म्हणजे साधारण एक मूठ, घातली तर दिवसाला १० ग्रॅम प्रथिने वाढतात. मूठभर भाजलेले शेंगदाणे सहा-सात ग्रॅम देतात. पेलाभर दूध किंवा वाटीभर दही सहा ग्रॅम, एक अंडे किंवा ३० ग्रॅम हरभऱ्याची उसळ सहा ग्रॅम. बेरीज केली की आकडा ५८ च्या घरात जातो. मांसाहार करणाऱ्यांना मासे, कोंबडी यांनीही हेच साधते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या दिवसासाठी डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम सुचवली आहेत. घट्ट वरण आणि एक उसळ एवढ्यातच ती भरतात.

ही प्रथिने दिवसभरात वाटून घ्यावीत. रात्री एकदाच भरपूर डाळ खाण्यापेक्षा तिन्ही वेळच्या खाण्यात थोडी थोडी असणे स्नायूंना अधिक उपयोगी पडते. सकाळचा चहा-टोस्ट बदलून शेंगदाणे घातलेले पोहे, मोड आलेली मटकी, तुरीच्या घुगऱ्या किंवा धिरडे घेतले, तरी दिवसाची सुरुवात वेगळी होते.

विदर्भाच्या स्वयंपाकात यासाठी मुबलक साधने आहेत. थंडीत तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, पाटवडी, झुणका, डाळ घालून केलेली पालेभाजी, गोळाभात हे सगळे डाळीचेच प्रकार. जवसाच्या चटणीत प्रथिनांसोबत हृदयाला उपयोगी स्निग्धही मिळते. तिळात कॅल्शियम भरपूर असते. सोयाबीन घरी वापरताना मात्र ते कच्चे दळून पोळीत घालू नये. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो, तो नीट शिजवल्याने किंवा भाजल्याने निष्प्रभ होतो. बाजारात मिळणाऱ्या सोया वड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. भाजीत त्या सहज खपतात.

उठबस

नुसते खाल्ल्याने मात्र स्नायू वाढत नाहीत. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन यांनी १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. १९९४ मध्ये त्यांनीच १०० वृद्धांवर मोठा अभ्यास केला. ज्यांना फक्त पोषक पेय दिले, व्यायाम दिला नाही, त्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नव्वदीतला स्नायूही भार पडला की उत्तर देतो, हे या प्रयोगांनी सिद्ध केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. त्यात दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत. चालणे हे यातले पहिले काम चांगले करते. वर्ध्याजवळच्या पवनारचे विनोबा भावे १९५१ मध्ये भूदानासाठी पायी निघाले तेव्हा ५५ वर्षांचे होते आणि पुढची १३ वर्षे ते चालत राहिले. अंगवळणी पडलेली चाल वय झाले म्हणून आपोआप थांबत नाही. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मांडीचे स्नायू फारसे वाढत नाहीत. त्यासाठी शरीराचे वजन पायांवर उचलावे लागते. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे आणि गावोगावच्या आखाड्यांमुळे बैठक हा प्रकार वैदर्भीय माणसाला अनोळखी नाही. पन्नाशीनंतर तीच बैठक खाटेच्या किंवा खुर्चीच्या आधाराने करायची.

सुरुवात अशी करता येते. भिंतीला टेकलेली, न हलणारी खुर्ची घ्यावी. हात छातीवर ठेवून सावकाश उठावे, सावकाश बसावे. आठ-दहा वेळा जमले की थोडे थांबून पुन्हा एकदा. हात न टेकता जमत नसेल, तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी आणि काही आठवड्यांनी ती काढावी. दुसरा प्रकार भिंतीला हात लावून टाचा उचलण्याचा. त्याने पोटऱ्या बळकट होतात. तिसरा भिंतीवरच्या जोरांचा, हातापासून अंतर ठेवून उभे राहायचे आणि छाती भिंतीकडे नेऊन परत आणायची. चौथा ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा. घरातली पायरी चढणे-उतरणे हाही चांगला व्यायाम आहे. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून दोन-तीन दिवस.

हलके वाटू लागले की भार वाढवायचा. हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्याव्यात किंवा उठबशींची संख्या वाढवावी. शेवटच्या दोन उठबशी थोड्या जड गेल्या पाहिजेत. श्वास मात्र रोखू नये. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, त्यामुळे उन्हाळ्यात हे सगळे पहाटेच उरकावे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

घरच्या घरी तपासणी

ताकद किती उरली आहे, हे कळायला यंत्र लागत नाही. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेली चाचणी कुणीही करू शकतो. खुर्चीवर बसून, हात छातीवर ठेवून, सलग पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. यासाठी १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पायांची ताकद कमी झाल्याचा इशारा समजावा. पडण्याची भीती असेल तर शेजारी कुणाला तरी उभे करावे.

जपानमधल्या काशिवा शहरातल्या अभ्यासातून आणखी सोपी चाचणी आली. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून कडे करायचे आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरायचे. बोटे एकमेकांना टेकत नसतील तर पोटरी भरलेली आहे. कडे सैल बसत असेल, मध्ये जागा राहत असेल, तर स्नायू कमी झाल्याची शक्यता वाढते. तिसरी खूण जमिनीवर बसून उठण्याची. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ जणांना हात-गुडघे शक्यतो न टेकता बसायला-उठायला लावले आणि सुमारे सहा वर्षे त्यांची माहिती ठेवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांना सर्वाधिक आधार लागत होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळले. मांडी घालून जेवण्याची सवय टिकवणे हाही म्हणूनच एक व्यायामच आहे. ज्यांचे गुडघे फार दुखतात, त्यांनी मात्र हट्ट करू नये.

भारतातही या वयाकडे पाहण्याची नजर बदलते आहे. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांपुढील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यात हाताच्या पकडीची ताकदही मोजली गेली. साठीची वाट न पाहता पंचेचाळिशीपासून मोजायला हवे, हे त्या आखणीतच होते.

हाडे, ऊन आणि पाणी

स्नायूंसोबत हाडेही जपावी लागतात. भारतीय शिफारशीनुसार प्रौढाला रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पाव लिटर दुधातून सुमारे ३०० मिळते. उरलेले दही, ताक, तीळ आणि पालेभाज्यांतून घ्यावे लागते. विदर्भात उन्हाची कमतरता नाही, तरी ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. शेतातली बाई डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेली असते आणि घरातली ज्येष्ठ मंडळी ऊन टाळतात. थंडीच्या दिवसांत हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसणे उपयोगी पडते. शाकाहारी माणसांनी, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी, ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. त्याच्या अभावाने पायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि दोष वयाला दिला जातो.

या भागात आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे पाणी. यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पांढरकवडा परिसरातल्या भूजलात, फ्लोराइडचे प्रमाण जास्त असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. ते खडकांतून पाण्यात उतरते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी अनेक वर्षे पोटात गेले, की मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि मोठ्यांची मान, पाठ, गुडघे आखडतात. चाळिशी-पन्नाशीतली ही आखडण वातविकार किंवा वय म्हणून सोडून दिली जाते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. बोअरच्या पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत तपासून घेणे आणि पिण्यासाठी सुरक्षित स्रोत निवडणे हाच उपाय. आहारात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचा त्रास वाढतो, म्हणून इथे दूध-ताक-तिळाचे महत्त्व अधिक.

दात, खर्रा आणि चहा

चांगले अन्न समोर असून ते चावता आले नाही, तर उपयोग नाही. दात पडले की शेंगदाणे, भाकर, उसळ, मांस हे आधी सुटते आणि मऊ भात, बिस्किटे उरतात. म्हणून दात वेळेवर बसवून घेणे हा थेट ताकदीचा प्रश्न आहे. विदर्भात यात खर्ऱ्याची भर पडते. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या या मिश्रणातल्या सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. तिखट सोसवत नाही, घास मोठा घेता येत नाही. कर्करोगाचा धोका वेगळाच. पन्नाशीत खर्रा सोडणाऱ्याला काय मिळते, याचे एक साधे उत्तर म्हणजे भाकर चावता येते.

दिवसातून पाच-सहा वेळचा गोड चहा भूक मारतो. जेवणासोबतचा चहा डाळी-भाज्यांतले लोह शोषू देत नाही. तो जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यावा.

शेवटी जेवणारी

अनेक घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते. तोवर वरणाच्या भांड्यात वरचे पाणी उरलेले असते, दही संपलेले असते. पन्नाशीच्या सुमारास पाळी थांबली की तिची हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात आणि स्नायूही उतरतात. नेमक्या त्या वर्षांत तिला सर्वाधिक प्रथिने आणि कॅल्शियम हवे असते. कापूस वेचणीचा निम्म्याहून अधिक भार जिच्या हातांवर आहे, तिच्या वाटणीची वाटी आधी काढून ठेवणे याला खर्च काहीच नाही.

कुणी जपून

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत, डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावे. उच्च रक्तदाब किंवा मधुमेह अनेक वर्षांचा असेल, तर आधी रक्त-लघवीची तपासणी करावी. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चालताना छातीत दुखणे, वारंवार चक्कर येणे किंवा विनाकारण वजन घटणे अशा स्थितीत व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी हवी. सहा महिन्यांत काही कारण नसताना वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरले, तर ते वयाने झाले असे मानू नये.

घरापुरती तूर

शेवटी प्रश्न उरतो तो नियोजनाचा. पाच माणसांच्या घरात माणशी ५० ग्रॅम तूरडाळ रोज धरली, तर वर्षाला सुमारे ९१ किलो डाळ लागते. १०० किलो तुरीची साधारण ७० किलो डाळ होते. म्हणजे सव्वा ते दीड क्विंटल तूर. जानेवारी-फेब्रुवारीत मळणी झाली की सगळी पोती एकदम बाजारात जातात आणि पावसाळ्यात तीच डाळ किराणा दुकानातून पावशेर-पावशेर, दुप्पट जड हाताने आणली जाते. त्या काळात वरण पातळ होते आणि शेतातली सर्वांत कष्टाची कामेही नेमकी तेव्हाच असतात. मळणीच्या दिवशीच दीड क्विंटल वेगळी काढून, चांगली वाळवून, डाळ करून ठेवली, तर वर्षभर घरातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांचे वरण घट्ट राहील. ज्यांना शेत नाही, त्यांनाही हंगामात एकदम घेतलेली तूर किंवा हरभरा स्वस्त पडतो.

बाजार समितीत त्या दीड क्विंटलचे पैसे कमी येतील. पण पुढच्या कपाशीच्या वेचणीला ज्या पायांवर उभे राहायचे आहे, त्यांच्यासाठीची ती पेरणी आहे.